वाचक विचारतात : परदेशातलं लायसन्स आणि मुक्कामाची तारीख

मागच्या अंकात इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट म्हणजे आयडीपीबद्दल दोन ओळी काय छापल्या, पत्रं आणि मेल थांबायलाच तयार नाहीत. बहुतेक पत्रं बाणेर, औंध, कोथरूड इथल्या आईवडिलांची आहेत, मुलं तिकडे आणि काळजी इकडे. प्रश्न वेगवेगळे वाटले तरी घोळ बऱ्याचदा एकच असतो. आपल्या डोक्यात लायसन्स म्हणजे गाडी चालवता येते याचा दाखला, पण नागरिक नसलेल्या, काही वर्षांसाठी राहायला गेलेल्या माणसाचं लायसन्स बऱ्याच ठिकाणी मुक्कामाच्या परवानगीला दावणीला बांधल्यासारखं असतं, ती परवानगी जिथवर जाते तिथवरच ते जातं. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : सून लग्नानंतर एच-४ (तिकडे नोकरी करणाऱ्याच्या बायकोला मिळतो त्या) व्हिसावर न्यू जर्सीत एडिसनला गेली. इथे ती हिंजवडीपर्यंत रोज कार चालवत जायची. तिकडच्या लायसन्सच्या ऑफिसात सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) मागितला, तो तिच्याकडे नाही, म्हणून हात हलवत परत आली. मुलगा म्हणतो एच-४ वाल्यांना लायसन्स मिळतच नाही. खरं आहे का? — एक सासूबाई, बाणेर

उत्तर : अजिबात नाही. एच-४ वर लायसन्स मिळतं, एडिसनमध्ये कितीतरी मराठी बायका ते घेऊन मुलांना शाळेत सोडतायत. अडचण नंबराची आहे. एच-४ वर कामाची परवानगी नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, आणि काउंटरवरच्या माणसाला तो रकाना भरलेला बघायची सवय असते. पण केंद्राच्या रिअल आयडी नियमातच (राज्यांनी लायसन्स देताना ओळख कशी तपासायची त्याचा नियम) सोय आहे की ज्याला कामाची परवानगी नाही त्याने तसा पुरावा दाखवायचा. त्यासाठी सुनेने आधी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जावं, नंबरासाठी अर्ज करावा आणि 'ही व्यक्ती पात्र नाही' असं त्यांचं पत्र घेऊन यावं. ते पत्र, पासपोर्ट, आय-९४ ची (देशात शिरताना होणारी मुक्कामाची नोंद) प्रिंट आणि एच-४ चा अप्रूव्हल कागद असेल तर तो, हे सगळं एकत्र घेऊन गेलं की काउंटरवरचा वाद बराच कमी होतो.

पत्त्याचा पुरावा मात्र आपल्याकडच्या घरांमध्ये हमखास राहतो. भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट मुलाच्या नावावर, लाइट बिल मुलाच्या नावावर, बँकेचं खातं मुलाच्या नावावर, आणि सुनेच्या नावाचा एकही कागद नाही. न्यू जर्सीत ओळखीच्या कागदांचे सहा पॉइंट जमवावे लागतात आणि पत्त्याचा पुरावा वेगळा द्यावा लागतो, म्हणून मुलाला सांगा की तिचं नाव आजच भाडेकरारात घाल आणि बँकेत जॉइंट खातं उघड. लायसन्ससाठी तर लागेलच, पण एकट्या बाईच्या नावाने परक्या देशात एक तरी कागद असावा असं मला तरी वाटतं.

दुसरं म्हणजे नाव. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात मुलीचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं दोन्ही बसलेलं असतं, व्हिसावर ते चिकटून आलेलं असतं, आय-९४ वर कधी अर्धंच येतं. तिकडची लायसन्सची ऑफिसं माणसाचा कायदेशीर दर्जा 'सेव्ह' नावाच्या केंद्राच्या सिस्टीममधून तपासतात, ती अमेरिकेचं इमिग्रेशन खातं चालवतं. सगळं जुळलं तर उत्तर काही सेकंदांत येतं, नाही जुळलं तर केस माणसाच्या हातात जाते आणि मग दिवस जातात, कधी आठवडे. अशा वेळी काउंटरवर भांडून उपयोग नसतो कारण त्या माणसाला स्क्रीनवर 'थांबा' एवढंच दिसत असतं. सेव्हचं केसचेक नावाचं पान आहे, त्यावर आपली केस कुठे अडकलीये ते बघता येतं. पण त्याआधी घरी बसून पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ समोरासमोर ठेवून स्पेलिंग अक्षर-अक्षर ताडून घ्या, चूक आय-९४ मध्ये असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या.

आणि हो, इथे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवली असली तरी तिला परीक्षा द्यावी लागणार, भारतीय लायसन्स तिकडे सरळ बदलून मिळत नाही.

प्रश्न : मुलगा डॅलसला एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. पासपोर्टवरचा व्हिसा अजून दीड वर्ष आहे पण लायसन्स पुढच्या चार महिन्यांत संपतंय. कार्डावर 'लिमिटेड टर्म' असं छापलंय. ऑफिसने चूक केली का? तक्रार कुठे करायची? — निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

उत्तर : काका, तक्रारीची घाई नको, आधी त्याला आय-९४ काढून बघायला सांगा, अमेरिकेच्या कस्टम्स अँड बॉर्डरच्या साइटवर फुकट निघतो. व्हिसाचा स्टिकर हा दारातून आत येण्यापुरता, आत किती दिवस राहायचं ते आय-९४ वरची तारीख ठरवते, आणि टेक्सासमध्ये तात्पुरत्या मुक्कामवाल्याचं लायसन्स त्या परवानगीच्या तारखेपर्यंतच मिळतं. माझा अंदाज असा की गेल्या वेळी तो इथून परत गेला तेव्हा त्याचा पासपोर्ट संपत आलेला होता. एअरपोर्टवरचा अधिकारी अशा वेळी आय-९४ पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपर्यंतच देतो, मग भले कंपनीचं अप्रूव्हल तीन वर्षांचं असो. माणूस दमलेला असतो, बॅगा घ्यायच्या असतात, घरी जाऊन झोपतो आणि ती तारीख कोणी बघतच नाही.

आता यातली मेख अशी की नुसता पासपोर्ट रिन्यू केला म्हणून आय-९४ आपोआप वाढत नाही. एकतर देशाबाहेर जाऊन नव्या पासपोर्टवर परत आत यायचं, नाहीतर कंपनीच्या वकिलाकडून मुदतवाढीचा अर्ज टाकायचा. म्हणजे लायसन्सची चार महिन्यांची तारीख ही खरं तर त्याच्या राहण्याच्या हक्काची तारीख असू शकते, आणि ती उलटली तर प्रकरण गाडीपुरतं राहत नाही. त्यामुळे त्याने आजच वकिलाशी बोलावं. लायसन्समुळे निदान हे वेळेवर कळलं असं म्हणा.

मुदतवाढीचा अर्ज मुदतीत टाकला तर त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं, पण तेवढे दिवस लायसन्स पण चालेल असं गृहीत धरू नका. काही राज्यं अर्जाची पावती बघून थोडी मुदत देतात, काही अप्रूव्हल हातात आल्याशिवाय ऐकत नाहीत. तिथे लायसन्स हा राज्यांचा विषय आहे, कुठे त्याला डीएमव्ही म्हणतात, न्यू जर्सीत मोटार व्हेइकल कमिशन, टेक्सासमध्ये पब्लिक सेफ्टी खातं, आणि इलिनॉयमध्ये तर सेक्रेटरी ऑफ स्टेटचं ऑफिस हे काम करतं. त्यामुळे शिकागोच्या मित्राने दिलेला सल्ला डॅलसला लागू पडेलच असं नाही. नव्याने राहायला आलेल्याला टेक्सासमध्ये लायसन्स काढायला ९० दिवस असतात, कॅलिफोर्नियात १० दिवस, यावरूनच अंदाज घ्या.

विद्यार्थ्यांचं अजून वेगळं. त्यांच्या आय-९४ वर तारखेऐवजी 'डी/एस' असतं, म्हणजे शिक्षण चालू आहे तोवर. जिथे शेवटची तारीखच नाही तिथे रिअल आयडीच्या नियमात जास्तीत जास्त एक वर्षाची मुदत दिलेली आहे, म्हणून कोणाच्या मुलाला एकाच वर्षाचं कार्ड मिळालं तर घाबरू नका, नवे कागद घेऊन स्वतः जायचं आणि रिन्यू करायचं. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्यांनी उतरल्याबरोबर लायसन्सच्या ऑफिसला धावू नये, सरकारचाच सल्ला आहे की साधारण दहा दिवस थांबा, कॉलेजने तुमची नोंद सिस्टीममध्ये चालू केली की मग जा.

यातच एक गोष्ट घुसडतो, कोणी विचारलेली नाही पण सगळ्यांनी वाचा. अमेरिकेत १९९३ च्या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत लायसन्सच्या अर्जासोबतच मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. मशीनवर भराभर 'येस, येस, येस' दाबत जाणारी आपली पोरं तिथेही येस दाबतात. हे करू नका. नागरिक नसताना 'मी नागरिक आहे' असं लिहून देणं हा इमिग्रेशनच्या दृष्टीने फार मोठा गुन्हा धरतात, पुढे ग्रीन कार्डच्या वेळी ते बाहेर येतं आणि 'चुकून झालं' हे सांगून सहजासहजी सुटका होत नाही, देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. अर्जातला हा एक चौकोन लायसन्सच्या परीक्षेपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचायचा, नाही म्हणायचं, आणि अर्जाची कॉपी जपून ठेवायची.

प्रश्न : मी जर्मनीत स्टुटगार्टला मास्टर्ससाठी चाललोय. इथलं एमएच-१२ चं लायसन्स आहे, आयडीपी पण काढतोय, तो एक वर्षाचा असतो. म्हणजे वर्षभर तिकडे गाडी चालवता येईल ना? — विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : नाही रे बाबा. आयडीपीवर एक वर्ष लिहिलंय ते खरं, पण जर्मनीत राहायला आल्यापासून परदेशी लायसन्स सहा महिनेच चालतं. एकूण मुक्काम वर्षापेक्षा कमी आहे हे दाखवता आलं तर मुदत वाढवून मागता येते, दोन वर्षांच्या मास्टर्सवाल्याला त्याचा उपयोग नाही. सातव्या महिन्यात मित्राची गाडी घेऊन निघालास तर तिकडे तो लायसन्सशिवाय गाडी चालवण्याचा फौजदारी गुन्हा आहे, दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. आणि परक्या देशात शिकायला गेलेल्याने फौजदारी केस अंगावर घेऊ नये एवढं तरी पाळ.

भारत त्यांच्या सरळ अदलाबदलीच्या यादीत नाही, म्हणून लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. आपलं लायसन्स असल्यामुळे नवशिक्याला लागतात तेवढे सक्तीचे तास मात्र तुला लागू नाहीत, पण परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलमार्फतच होते आणि स्कूलवाला स्वतः समाधान झाल्याशिवाय पुढे पाठवत नाही. सोबत डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स आणि लायसन्सचं भाषांतर. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. पैसे बरेच जातात, तेव्हा आधी विचार कर की तुला गाडी खरंच लागणार आहे का, स्टुटगार्टमध्ये ट्राम आणि लोकल चांगल्या आहेत. मी तुझ्या जागी असतो तर पहिलं वर्ष सेमिस्टर तिकिटावर काढलं असतं.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी मात्र खूश व्हायला हरकत नाही, तिथे राहायला गेल्यावर आपल्या लायसन्सवर १२ महिने चालवता येतं, गाडीही डावीकडूनच. बारा महिन्यांनंतर तिथलं प्रोव्हिजनल, थिअरी, प्रॅक्टिकल सगळं पहिल्यापासून. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला पूर्वी तात्पुरत्या व्हिसावाले आपल्याच लायसन्सवर वर्षानुवर्षं फिरायचे, १ जुलै २०२३ पासून ते बंद झालं आणि सहा महिन्यांची मर्यादा आली. सिडनीला आधीच गेलेल्या भावाने 'काही लागत नाही रे' असं सांगितलं असेल तर तो कधीचा अनुभव सांगतोय ते विचारा.

प्रश्न : आम्ही दोघं सहा महिने लेकीकडे सॅन होजेला चाललोय. मी ६८ वर्षांचा, चाळीस वर्षं पुण्यात गाडी चालवतोय, एकही अपघात नाही. लेक म्हणते बाबा तुम्ही तिकडे स्टिअरिंगला हात लावायचा नाही. नियम काय सांगतो? — सदाशिव पेठेतून

उत्तर : नियम तुमच्या बाजूने आहे. तुम्ही टुरिस्ट व्हिसावर पाहुणे म्हणून जाताय, तिथे राहायला नाही, आणि कॅलिफोर्नियात पाहुण्याला आपल्या देशाच्या चालू लायसन्सवर गाडी चालवता येते. आयडीपी तिथे लायसन्स म्हणून धरतच नाहीत, ते आपल्या लायसन्सचं भाषांतर एवढंच, तरी भाड्याने गाडी घेताना आणि दुसऱ्या राज्यात गेलात तर हाताशी असलेलं बरं. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा तुमच्या लायसन्सची जी तारीख असेल ती, यातलं जे आधी येईल ते. पंचावन्नच्या पुढे आपलं लायसन्स पाच-पाच वर्षांनीच रिन्यू होतं, त्यामुळे निघण्याआधी तुमच्या कार्डाची तारीख बघा. २०२१ पासून या परमिटसाठी व्हिसा आणि मेडिकल सर्टिफिकेट मागत नाहीत, एजंटने मेडिकलचे वेगळे पैसे सांगितले तर हे त्याला ऐकवा.

पण लेकीचं पण ऐका. कागद चालतो म्हणून हात चालतो असं नाही. तिकडे गाडी उजवीकडून, स्टॉपच्या पाटीला चाकं पूर्ण थांबवायची, रस्ता मोकळा असला तरी. सिग्नल लाल असताना पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, पिवळी स्कूल बस लाल दिवे लावून उभी असली की मागचेच नाही तर साध्या दोन लेनच्या रस्त्यावर समोरून येणारेही थांबतात. लक्ष्मी रोडवरची चाळीस वर्षं इथे उपयोगाची नाहीत, उलट आडवी येतात. रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये लेकीला शेजारी बसवून आठवडाभर सराव करा, मग ठरवा.

आणि पहिल्या दिवसाच्या आधी लेकीने तिच्या इन्शुरन्स कंपनीला फोन करून तुमचं नाव कळवलंच पाहिजे. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून सक्तीचा विमा किमान ३०,००० डॉलर आहे, एका जखमी माणसामागे, आणि तिकडच्या हॉस्पिटलमध्ये तेवढे पैसे किती पटकन संपतात हे लेक सांगेल. घरातला पाहुणा रोज गाडी चालवतोय हे कळवलं नसेल तर क्लेमच्या वेळी कंपनी पहिलं तेच काढते.

प्रश्न : उलटा प्रश्न विचारते. विमाननगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक फ्रेंच मुलगी भाड्याने राहते, इथे एका कॉलेजात वर्षभराच्या कोर्सला आलीये. तिच्याकडे तिकडचं कारचं लायसन्स आणि आयडीपी आहे. ती माझी अ‍ॅक्टिव्हा मागते. देऊ का? मुलगी फार गोड आहे. — घरमालकीण

उत्तर : गोड असू दे, आत्ता देऊ नका. तिच्या आयडीपीच्या पुस्तिकेत गाड्यांच्या प्रकारांपुढे शिक्के असतात, त्यात दुचाकीच्या खान्यात शिक्का आहे का ते बघा, नुसतं कारचं असेल तर तुमच्या अ‍ॅक्टिव्हासाठी ती लायसन्स नसलेलीच. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० प्रमाणे लायसन्स नसलेल्याला गाडी देणाऱ्या मालकावर वेगळी कारवाई होते, ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चालवणारीला कलम १८१ खाली तेवढंच. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते, सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच हे स्पष्ट केलंय.

तिला इथलंच लायसन्स काढायला सांगा, परदेशी नागरिकाला ते मिळतं. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या स्टुडंट व्हिसावर आली असेल तर आल्यापासून १४ दिवसांत तिची नोंदणी झालेली असायला हवी, पुण्यात ते काम पोलीस आयुक्तालयातल्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे असतं आणि अर्ज ऑनलाइन होतो. तोच कागद तिला आरटीओत पासपोर्ट-व्हिसासोबत लागेल. (तुम्ही परदेशी भाडेकरूचा फॉर्म, पूर्वीचा सी फॉर्म, भरलाय ना? परदेशी भाडेकरू ठेवला की २४ तासांत कळवायची जबाबदारी घरमालकाची असते, नसेल भरला तर अ‍ॅक्टिव्हाचं नंतर बघू, आधी ते करा.) आधार असेल तर लर्निंगची परीक्षा घरबसल्या होते, पण इथे वर्षात १८२ दिवस राहिल्याशिवाय परदेशी माणसाला आधार मिळत नाही, आणि मिळालं तरी व्हिसाच्या मुदतीपुरतंच. म्हणजे तिला स्लॉट घेऊन ऑफिसला जावंच लागेल. लर्निंग सहा महिने चालतं, तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची टेस्ट.

कायद्यात एक कमी लोकांना माहीत असलेली तरतूद आहे, कलम ९ म्हणतं की ज्याच्याकडे परदेशातल्या अधिकृत ऑफिसने दिलेलं त्याच प्रकारच्या वाहनाचं लायसन्स आहे, त्याला मेडिकलची अट पूर्ण करून ड्रायव्हिंग टेस्ट माफ होऊ शकते. तिच्या कारसाठी हे लागू पडेल, दुचाकीसाठी नाही. हे कलम छापून सोबत न्या, काउंटरवर नुसतं तोंडी सांगितलं तर कोणी ऐकेल याची खात्री नाही.

थोडक्यात उत्तरं

*ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलेला अमेरिकन नातू, वय १६, तिकडचं लायसन्स आहे, दिवाळीत इथे कार चालवेल का (सहकारनगर) :* नाही. इथे कारला १८ वर्षं पूर्ण लागतात, तिकडचं कार्ड काहीही म्हणो. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनिअर कसे गेले ते पुण्यात कोणाला नव्याने सांगायला नको.

*परदेशात असताना आयडीपी संपला (पाषाण) :* २०२१ पासून भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करता येतो, त्यासाठी भारतात यायची गरज नाही.

*मुलाचं पुण्याचं लायसन्स तो अमेरिकेत असताना संपलं (वारजे) :* संपल्यापासून एक वर्षाच्या आत रिन्यू केलं तर परीक्षा नाही, वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट. त्याची सुट्टी त्या हिशोबाने ठरवा.

*लिमिटेड टर्मवालं कार्ड अमेरिकेत विमानाला चालतं का (धनकवडी) :* ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानाला रिअल आयडी बघतात. कार्डावर ताऱ्याची खूण असेल आणि मुदत संपलेली नसेल तर चालतं, नाहीतर भारतीय पासपोर्ट दाखवायचा, तोही चालतो.